वजनासाठी त्रिफळा-गुग्गुळ: काय होतं, काय होत नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३९, उंची ५ फूट २ इंच, वजन ७८ किलो. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरलंच नाही, आणि ते मूल आता सहा वर्षांचं आहे. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू. डोंबिवलीहून लोकलने नोकरी. सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध घेऊन दोन वर्षं झाली, फरक शून्य. अकरा वाजता हात थरथरेपर्यंत भूक लागते. शेजारणीने त्रिफळा गुग्गुळ सुचवलाय, मोबाइलवर एका 'मेदनाशक' चूर्णाची जाहिरात सारखी पुढे येतेय, आणि नणंदेचं म्हणणं असं की आयुर्वेदाने वजन कमी होत नाही, नुसतं पोट साफ होतं. तुम्ही विचारलंय, 'नक्की काय घेऊ आणि किती दिवस?'

नणंदबाईंचं अर्धं बरोबर आहे. वजनासाठी 'आयुर्वेदिक' म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं जुलाब घडवतं आणि काटा उतरतो तो पाण्याचा. उरलेलं अर्धं सांगायला मात्र वेळ लागेल. मी चिपळूणला २३ वर्षं दवाखाना चालवते. वजनासाठी आलेल्यांना मी औषध देते, पण पहिल्या भेटीत जवळजवळ कधीच नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला २१ वा अध्याय याच विषयावर आहे. त्यात आठ प्रकारची शरीरं 'निंदित' म्हणून सांगितली आहेत: फार उंच, फार ठेंगू, अंगभर केसाळ, अजिबात केस नसलेलं, अति काळं, अति गोरं, अति स्थूल आणि अति कृश. (अति गोरंसुद्धा आहे यादीत. लग्नाच्या जाहिराती देणाऱ्यांनी वाचावं.) अध्यायाचा भर शेवटच्या दोघांवर. स्थूलपणाची कारणं जी दिलीत ती आजही दवाखान्यात रोज दिसतात: पोटाला तड लागेपर्यंत जेवणं, गोड-थंड-तुपकट, हालचाल नाही, दुपारची झोप. आणि यादीच्या शेवटी एक शब्द आहे, बीजस्वभाव. म्हणजे आईबापांकडून आलेलं. मी तो शब्द बायकांना मुद्दाम वाचून दाखवते, कारण त्या आधीच स्वतःला दोष देत देत आलेल्या असतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यालाही माहीत होतं की सगळाच दोष ताटाचा नसतो.

तुमच्या थरथरणाऱ्या भुकेबद्दलही त्याच अध्यायात आहे. मेदाने वाट अडवलेला वायू कोठ्यातच फिरत राहतो आणि अग्नी फुंकून पेटता ठेवतो, त्यामुळे खाल्लेलं लवकर जिरतं आणि माणूस पुन्हा खायला मागतो, असं चरक म्हणतो. म्हणजे जाड माणसाला भूक जास्त लागते आणि ती खोटी नसते. भाषा जुनी आहे, पण निरीक्षण इतकं नेमकं आहे की मला दर वेळी कौतुक वाटतं. 'तोंडावर ताबा ठेव' हा सल्ला का टिकत नाही ते इथे कळतं. पेटत्या चुलीवर झाकण ठेवून ती विझत नाही, उतू जातं तेवढं. (मात्र हात थरथरणं हे साखरेच्या चढउताराचंही लक्षण असतं. गोळ्या-चूर्णांच्या आधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासून घ्या.)

मग उपाय काय? 'गुरु चातर्पणं चेष्टं स्थूलानां कर्शनं प्रति.' स्थूल माणसाला बारीक करायचं तर अन्न पचायला जड पण अंगाला न भरणारं हवं. जड असल्यामुळे पेटलेला अग्नी गुंतून राहतो आणि पोषण कमी असल्यामुळे मेद वाढत नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची समजूत याच्या बरोबर उलट असते. त्यांना वाटतं हलकं खायचं, म्हणून ते कुरमुरे, मारी बिस्किटं आणि पातळ सूप यांवर येतात, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी फडताळातला लाडवांचा डबा निम्मा होतो. चरकाने सांगितलेली धान्यं बघा: जव, जोंधळा, कोद्रू, सावा, मूग, कुळीथ, तूर, सोबत पडवळ आणि आवळा. ज्वारीची भाकरी, कुळथाची पिठी, मुगाची उसळ. आमच्या आज्जीचं ताटच ते. घाटावर कुळथाला हुलगे म्हणतात, तिथे त्याचं माडगं करतात.

भाकरीत जादू आहे असं मात्र समजू नका. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातले उष्मांक जवळजवळ सारखे. ७० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २४०. फरक पडतो तो चावायला लागणारा वेळ आणि पोटात टिकण्याचा. दोन भाकऱ्यांनंतर तिसरी मागायला फार थोड्या माणसांना जमतं; तेल लावलेल्या चार पोळ्या मात्र बोलता बोलता जातात.

आता तुमचं लिंबू-मध. आयुर्वेदाच्या नावाने सर्वांत जास्त प्यायलं जाणारं हे पेय आयुर्वेदाच्या विरुद्ध आहे. मध तापवू नये आणि उष्ण पदार्थाबरोबर घेऊ नये, हे ग्रंथांत पुन्हा पुन्हा येतं. मधाने झालेल्या अजीर्णाइतकं त्रासदायक दुसरं काही नाही, इथपर्यंत चरक जातो. स्थौल्यात सांगितलंय ते मधूदक, म्हणजे साध्या पाण्यात मध, तेही अनुपान म्हणून, म्हणजे जेवणावर प्यायचं. आणि मध जुना हवा. वर्षभर ठेवलेला मध लेखन करतो, म्हणजे खरवडतो, आणि नवा मध अंगाला लागतो असा भेद केलेला आहे. बाटलीवर कंपन्या मधाचं वय छापत नाहीत. शिवाय एका चमच्यात २० च्या आसपास उष्मांक असतात. तुम्ही दोन चमचे घेत असाल तर दोन वर्षं रोज ४० उष्मांक वाढवून वजन उतरायची वाट बघताय. बंद करा. साधं कोमट पाणी प्या, जेवणाआधी. अष्टांगहृदय लिहिणाऱ्या वाग्भटाचं एक मजेदार सूत्र आहे: जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश होतो. फुकटचं औषध आहे, करून बघायला काही जात नाही.

जिऱ्याचं पाणी, धण्याचं पाणी, ओव्याचं पाणी: पोट फुगत असेल तर बरं वाटेल, वजनाशी त्यांचा संबंध जवळजवळ नाही. दालचिनी रोज चमचाभर नको. बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची असते, आणि तिच्यातला कुमारिन नावाचा घटक जास्त प्रमाणात यकृताला सोसत नाही. आणि दुधीचा रस. हा घ्यायचाच असेल तर आधी दुधीचा तुकडा चाखा. कडू लागला तर एक घोटही नको, मीठ-लिंबू घालून कडूपणा लपवणं तर नकोच. कडू दुधीतल्या विषाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला त्यावर अभ्यासगट नेमून इशारा द्यावा लागला. दुधीची भाजी करून खा, ते उत्तम.

त्रिफळ्यावर जरा थांबू. हिरडा, बेहडा, आवळकाठी. चरकाच्या स्थौल्याच्या औषधांत त्रिफळा आहे, गुळवेल आणि नागरमोथ्याच्या जोडीला. इराणमध्ये ६२ लठ्ठ लोकांवर बारा आठवडे एक चाचणी झाली, त्यांच्याकडे त्रिफळ्याला इत्रिफल म्हणतात. पाच-पाच ग्रॅम दोनदा घेणाऱ्यांचं वजन नुसतं दिखाऊ औषध (ज्यात औषध काहीच नसतं) घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. चाचणी लहान आहे, तिच्यावर घर बांधू नये. आपल्या पुण्यात १९९० साली ७० लठ्ठ व्यक्तींचे चार गट करून तीन महिने आयुर्वेदिक औषधं आणि दिखाऊ औषध यांची तुलना झाली होती. औषध घेणाऱ्या गटांत वजन, कंबरेचा घेर आणि कातडीखालच्या चरबीची जाडी, तिन्ही कमी झाली. अशा चाचण्या हव्यात तेवढ्या नंतर झाल्या नाहीत, ही आमच्याच क्षेत्राची उणीव आहे आणि ती ग्रंथांची पानं फडकवून भरून निघत नाही.

माझ्या हाताखाली त्रिफळा काय करतो ते सांगते. ज्याला रोज कुंथावं लागतं, जीभ पांढरी, तोंडाला चव नाही, जेवण झालं की जडपणा, अशा माणसात त्रिफळा पंधरा दिवसांत चांगला फरक पाडतो. पोट हलकं होतं, सकाळची खरी भूक आणि दुपारची चाळवलेली भूक वेगळी ओळखता येऊ लागते. ज्याचं पोट मुळात साफ आहे, त्याला वजनासाठी त्रिफळा देऊन मला फारसं काही मिळालेलं नाही. मात्रा अर्धा चमचा, रात्री कोमट पाण्याबरोबर. चूर्ण विकत घेताना चाखून बघा: आधी तुरट, मग आंबट, मग पाणी प्यायल्यावर गोड. नुसतंच तुरट आणि मातकट लागलं तर जुनं आहे किंवा त्यात आवळा नावापुरता आहे. घरात आवळकाठी, हिरडा, बेहडा आणून बिया काढून कुटलात तर सर्वांत उत्तम. हात दुखतील, तोही व्यायामच.

आता गुग्गुळ. नावात वजन आहे म्हणून लोकांना तो आवडतो. हा डिंक, कच्छ-राजस्थानच्या कोरड्या मुलखातल्या काटेरी झुडपाचा. चिरे पाडून पाडून तिथली झाडं इतकी मेली, की जगात नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या वनस्पतींच्या यादीत तो गेलाय. म्हणून भेसळ अमाप. भावप्रकाश या जुन्या ग्रंथात एक बारकावा आहे जो गोळ्या विकणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही: नवा गुग्गुळ अंग भरतो, जुना गुग्गुळ लेखन करतो. तुमच्या डबीतला कुठला, हे तुम्हाला आणि मला दोघींनाही कळायचा मार्ग नाही.

गुग्गुळाचा आधुनिक इतिहास मला नेहमी शिकण्यासारखा वाटतो. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताचं मेदोरोगाचं वर्णन हाताशी धरून सशांवर प्रयोग केले. गुग्गुळाने रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं असं दिसलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत त्याचा अर्क तयार झाला आणि १९८० च्या दशकात औषध म्हणून बाजारात आला. सगळे खूश. मग २००३ साली अमेरिकेत १०३ लोकांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, आणि तिथे वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं चढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. आमच्यातले काही वैद्य म्हणाले, नुसता अर्क काढल्याने असं झालं, गुग्गुळ शोधन करून, म्हणजे शुद्ध करून, योगात, म्हणजे इतर औषधांच्या मिश्रणात, द्यायला हवा होता. असेलही. पण मग ते करून दाखवणं ही जबाबदारी आपली.

मी गुग्गुळ वापरते. नवक गुग्गुळ, म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, चित्रक, त्रिफळ्याची तीन, नागरमोथा, वावडिंग अशी नऊ द्रव्यं आणि त्यांच्याबरोबरीने गुग्गुळ. ज्यांना घाम फार, अंगाला वास, थोडं चाललं की धाप, सांधे जड, आणि पित्ताचा त्रास नाही, अशांना. आम्लपित्त, तोंड येणं, मूळव्याधीतून रक्त, पाळीला अतिस्राव असेल तर नाही. पोटात मूल असेल किंवा राहावं अशी इच्छा असेल तर नाही. वावडिंगामुळे तर नाहीच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेमचा, शरीरात पोहोचणारा भाग गुग्गुळाने घटतो, म्हणून त्या घेणाऱ्यांनाही नाही. आणि पिंपळी दीर्घकाळ खाऊ नये, हे चरकानेच क्षार आणि मीठ यांच्या रांगेत बसवून सांगितलंय. म्हणून माझा गुग्गुळाचा कोर्स सहा ते आठ आठवड्यांचा, मग सुट्टी. वर्षानुवर्षं गुग्गुळ खाणाऱ्या बायका मला भेटतात. कुणी सुरू करून दिला ते आठवतं, बंद कर म्हणायला कुणी नव्हतं.

तुमच्या शेजारणीचा त्रिफळा गुग्गुळ हा मुळात सूज, भगंदर, मूळव्याध यांच्या संदर्भातला योग. वजनासाठी तो वापरतात, मीही क्वचित वापरते, पण तुमच्या बाबतीत आधी थायरॉइडचं बघू. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गुग्गुळ थायरॉइडला चालना देतो असं दिसलंय. म्हणजे तुमची गोळी आणि गुग्गुळ दोन्ही थायरॉइडच्या हार्मोन्सना हात घालणार. घाबरण्यासारखं नाही, पण टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट ताजा असल्याशिवाय सुरू करू नका, आणि सुरू केलात तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. छातीत धडधड, झोप उडणं, हाताला कंप सुरू झाला तर थांबवा आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा. थायरॉइडची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही, माझ्यासुद्धा. ती पहाटे उपाशीपोटी घ्या आणि चूर्ण-काढे रात्रीकडे ठेवा. लोह किंवा कॅल्शियम असलेलं काहीही गोळीनंतर निदान चार तासांनी.

आणि टीएसएच बिघडलेलाच असेल तर? मग ना त्रिफळा, ना गुग्गुळ, ना भाकरी. आधी गोळीची मात्रा बरोबर करून घ्या. सहा महिने चूर्णं बदलत बसलेल्या आणि शेवटी टीएसएच वीसच्या वर निघालेल्या दोन तरी बायका दरवर्षी माझ्याकडे येतात.

कोकमाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी चिपळूणची, त्यामुळे बोलणारच. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. त्याच्या भावकीतल्या, केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या फळाचा अर्क 'गार्सिनिया' नावाने वजनाच्या कॅप्सूलांत जगभर विकला जातो. १९९८ साली अमेरिकेत १३५ लोकांवर बारा आठवड्यांच्या चाचणीत तो अर्क आणि दिखाऊ गोळी यांत वजनाचा फरक निघाला नाही. उलट अशा अर्कांच्या कॅप्सूल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कॅप्सूल नकोच. सोलकढी प्या, आमसुलाचं सार प्या, मासे पचतात, जिभेला बरं वाटतं. सोलकढीत नारळाचं दूध आहे हे लक्षात ठेवून. आणि अमृतकोकमाच्या बाटलीत सगळ्यात जास्त काय असतं तर साखर.

आता ते जाहिरातीतलं चूर्ण. गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका असाच डबा घेऊन आली. तीन आठवड्यांत चार किलो उतरले म्हणून आनंदात होती, पण पायांत गोळे येत होते आणि जिना चढताना मांड्या लटपटत. डब्यावर 'शंभर टक्के वनौषधी', घटकांची नावं बारीक अक्षरांत, मात्रा कुठेच नाही. मी चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली धरलं: पिवळट-हिरव्या पानांचा चुरा, चपट्या शेंगांचे तुकडे. चाखल्यावर जिभेवर चिकट कडवटपणा. सोनामुखी. दिवसाला तीन-चार वेळा जुलाब होत होते आणि तिला वाटत होतं मेद पडतोय. रक्त तपासलं तर पोटॅशियम खाली. चूर्ण बंद केलं, आठ दिवसांत अडीच किलो परत आले, आणि ती माझ्यावरच रागावली. तिचा राग मला समजतो. सोनामुखी वाईट नाही, चार दिवस पोट घट्ट झालं तर चांगली. पण महिनोन्‌महिने घेतली तर आतडं तिच्याशिवाय हलायचं विसरतं.

जुलाबाने निभावलं तर नशीब म्हणायचं. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० साली अमेरिका-युरोपात बाजारातून काढलं गेलं, पाठोपाठ आपल्याकडेही बंदी आली. त्यानंतरही 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलांत ते पुन्हा पुन्हा सापडलं आहे. एखाद्या वनस्पतीने आठ दिवसांत भूक पार मेली, तोंड कोरडं पडलं, झोप गेली, छाती धडधडली, तर ती वनस्पती नव्हे. आणखी एक खूण: लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या जादूई उपचारांच्या कायद्याने मुळात गुन्हा आहे. 'पंधरा दिवसांत दहा किलो' असं छापणारा माणूस औषधाची शुद्धता तरी पाळेल, असं कशावरून?

आरोग्यवर्धिनीच्या गोळ्याही काही जण स्वतःच्या मनाने सुरू करतात. चांगलं औषध आहे, पण तिच्यात कुटकीबरोबर पाऱ्या-गंधकाची कज्जली आणि ताम्रभस्म आहे. 'वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे' हे डबीवर शोभेसाठी छापलेलं नसतं. गुळवेलही बेताने, मुंबईत कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. मी त्या वादात न शिरता एवढंच करते, की दोन महिन्यांपेक्षा जास्त काही द्यायचं असेल तर आधी आणि मध्ये एसजीपीटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, बघते. फार महाग तपासणी नाही.

अश्वगंधा वजन उतरवायला कोण सुचवतं मला माहीत नाही, पण विचारतात खूप. ती अंग भरणारी आहे. आम्ही ती वाळलेल्या पोरांना देतो.

तर तुम्ही काय करायचं. पहिले पंधरा दिवस औषध नाही. एक शंभर पानी वही घ्या आणि तोंडात जे जे जाईल ते लिहा, वेळेसकट, मुलाच्या डब्यातला उरलेला घास धरून. ही वही मी सगळ्यांना करायला लावते. एक बाई शपथेवर सांगत होत्या, 'मॅडम, मी काहीच खात नाही हो.' खरंच जेवण मोजकं होतं. पण वहीत चहा सहा वेळा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे पन्नास-पंचावन्न ग्रॅम. एक अख्खी भाकरी ती बाई रोज पीत होती. आणि उपवासाचे वार वहीत वेगळ्या शाईने लिहा. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे काय उगीच म्हणत नाहीत. साबुदाण्याची खिचडी शेंगदाणा-तुपासकट ज्या दिवशी खाल्ली जाते, तो दिवस उपासाचा कसला? भगर हे चरकाच्या यादीतल्या सावासारखंच धान्य, ती ताकाबरोबर खाल्लीत तर एक वेळचं नीट जेवण होतं.

अकराच्या भुकेसाठी सकाळी साडेसातला घरातून निघताना चहा-बिस्किट न घेता पोटभर खा: मुगाचं धिरडं, किंवा भाकरी-उसळ. डब्यात एक भाकरी, एक वाटी कुळीथ किंवा मूग, दोन वाट्या भाजी. लोणी काढलेलं पातळ ताक सुंठ-जिरं घालून जेवणासोबत. रात्रीचं जेवण जमेल तितकं लवकर; ८.१२ ची लोकल पकडून घरी येणाऱ्या बाईला 'सूर्यास्ताआधी जेवा' सांगणारे वैद्य माझ्या मते डोंबिवलीला कधी उतरलेले नाहीत. रविवारची वामकुक्षी वीस मिनिटांवर आणा.

चालणं अर्ध्या शक्तीने. कपाळावर, काखेत घाम आला, तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं, हे व्यायामाचं जुनं माप आहे. ते रोज थोडं थोडं पुढे सरकतं. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर चालून गुडघे धरून बसलेली माणसं मला नकोत.

आंघोळीआधी आठवड्यातून तीनदा कोरडं उटणं: कुळथाचं पीठ दोन मुठी, त्रिफळा चूर्ण एक मूठ, हळद चमचाभर. पायाकडून वर, केसांच्या उलट दिशेने, दहा मिनिटं, कातडी कोमट होईपर्यंत. वाग्भट उद्वर्तनाने मेद विरघळतो म्हणतो. माझा अनुभव असा की वजन त्याने उतरत नाही, पण अंगाचा जडपणा जातो, घामाचा वास कमी होतो, आणि चालायला जावंसं वाटतं. मोरीत पीठ साचतं, कुणाला तरी धुवावं लागतं, ते आधी ठरवून घ्या.

पंधरा दिवसांनी पोट साफ होत नसेल तर त्रिफळा सुरू करा, वर सांगितलेल्या मात्रेत, दीड महिना. पोट साफ असेल तर तोही नको. गुग्गुळ किंवा लेखन बस्ती (औषधी एनिमा) यांचा विचार त्यानंतर, जवळच्या वैद्याने नाडी-जीभ बघून, तुमच्या गोळ्यांची यादी वाचून करायचा. एका वेळी एकच औषध. दोन सुरू केलीत आणि पुरळ उठलं तर दोष कुणाला देणार?

काटा आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी, आणि सोबत बेंबीच्या पातळीवर शिंप्याचा टेप. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी असं मानतात. तुमचा बीएमआय ३१ च्या पुढे आहे आणि भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, म्हणजे वाट लांबची आहे. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तर मी खूश असते. त्याहून वेगाने उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि केस गळतात ते वेगळंच. पाळी चुकायला लागली, चेहऱ्यावर केस वाढले, घोरणं वाढलं असेल तर ते आधीच डॉक्टरांना सांगा. आणि तीन महिन्यांत काटा हललाच नाही, तर आणखी एक काढा शोधू नका. हार्मोन्सच्या तज्ज्ञांकडे जा. आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत, काहींना त्यांची खरंच गरज असते, आणि ती घेतल्याने आयुर्वेदाचा काही अपमान होत नाही.

वैद्याकडे जाताना तीन गोष्टी पिशवीत टाका: टीएसएच आणि साखरेचा ताजा रिपोर्ट, ती वही, आणि आत्तापर्यंत जे जे चूर्ण-गोळ्या घेतल्यात त्यांचे डबे, रिकामे असले तरी. वही बघायच्या आधीच जो चिठ्ठी लिहायला घेईल, त्याच्याकडून उठून या.